उघड्या कपाटाकडे पाठ

चाळीत चोरी झाली की लोकांना पोलीस नंतर आठवतो, आधी चावीवाला आठवतो. मी लालबागच्या फुटपाथवर चाव्या बनवतो, त्यामुळे हे मला कोणी शिकवायला नको. कोणाच्या घरातून साधी कढई गेली तरी मी मान खाली घालून चहा पितो. केलेलं काही नसतं. पण माझा चेहराच असा आहे, की आरशात बघितलं की मला स्वतःलाच आपला खिसा चाचपावासा वाटतो.

या अंकाचे संपादकसाहेब मागे लागले, "जेकबकाका, धंद्यातले अनुभव सांगा, लोकांना आवडतात." म्हटलं, साहेब, मी शाळेत गेलो ते एकदाच, हेडमास्तरांच्या केबिनचं कुलूप काढायला. ते म्हणाले, "तुम्ही बोला, आम्ही उतरवून घेतो." तर बोलतोय. खरं नाव याकोब साळवे. आम्ही मूळचे नगरकडचे, घर माझगावला. लालबागने याकोबचा जेकब केला आणि वयाने काका.

चावी कशी बनते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कुलपाच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात. त्या बरोबर उंचीवर उचलल्या की कुलूप सुटतं. मूळ चावी हरवली असली की कोरी चावी घ्यायची, मेणबत्तीवर धरून काळी करायची, आत घालून हलकी फिरवायची. जिथे पट्टी लागते तिथली काजळी निघते. तेवढंच कानशीने घासायचं. परत काळी करायची, परत आत. कानशीचा एक हात जास्त मारला की चावी फुकट. बघणाऱ्याला वाटतं काय हा कारागीर. मी निम्मा वेळ घाम पुसत असतो आणि निम्मा वेळ गिऱ्हाईकाला "झालंच, झालंच" म्हणत असतो.

या धंद्यात हात काळे झाले तर चालतात, नाव काळं झालं की दुकान उचलायचं. म्हणून आमचे काही नियम. साबणावर किंवा मेणावर ठसा घेऊन कोणी आलं तर चावी करायची नाय. एकदा एक टाय लावलेला माणूस पोराच्या खेळायच्या मातीवर उमटलेला ठसा घेऊन आला. मी कानस खाली ठेवली आणि त्याला प्रामाणिकपणावर असं काही प्रवचन दिलं, की शेजारचा छत्रीवाला पण कान देऊन ऐकत होता. माणूस हात जोडून म्हणाला, "काका, चावी गटारात पडली. पोराने खेळताना ठसा घेतला होता तेवढाच उरलाय. बायको दाराबाहेर उभी आहे, आत गॅसवर दूध आहे." मी म्हटलं, चोर पण असंच बोलतात. शेवटी त्याने हातोडीने कुलूप तोडलं. दूध जळालं, पातेलं गेलं. नवीन कुलूप त्याने समोरच्या चावीवाल्याकडून घेतलं आणि जाता जाता मला दाखवून गेला.

तर असा मी चांगला माणूस. लोक पण म्हणायचे, "जेकबकडे जा. ख्रिस्ती माणूस आहे, खोटं बोलत नाय." मला हे ऐकायला फार आवडायचं. प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते आम्ही दर रविवारी गातो, पण त्याच्या नावाने माझा धंदा चालतो हे मी कधी गायलो नाय.

दुसरा नियम माझा एकट्याचा होता. कपाट उघडलं की पाठ फिरवायची. आत काय आहे ते बघायचं नाय. हा नियम मी काय प्रार्थना करून नाय काढला. आमच्या इथे एक कडक मास्तर होते. त्यांचं कपाट उघडलं, तर आत एका गोल डब्यावर त्यांचे केस ठेवलेले. म्हणजे डोक्यावर लावतात ते, जास्तीचे. मी चहाच्या टपरीवर हे सांगितलं. गंमत म्हणून. मास्तरांनी पुढे आमच्या गल्लीतून जायचंच सोडलं, लांबून वळसा घालून जायचे. घरी बायकोला कळलं. माझी बायको रूथ. ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला कुलूप बसत नाय. निदान डोळ्यांना तरी बसवा." तेव्हापासून मी टक असा आवाज आला की गर्रकन वळतो आणि भिंतीकडे बघत उभा राहतो. बायका कौतुक करायच्या. "बघा, किती सभ्य." मी आणखी ताठ उभा राहायचो. एकदा तर इतका जोरात वळलो, की कोनाड्यातला मिक्सर पाडला.

याच सभ्यपणाने मला कसं लोळवलं, ते सांगायला आज बसलोय.

माझ्या ठेल्याच्या मागच्या चाळीत मालतीवहिनी राहतात, मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा सुहास कुरिअर कंपनीत, लग्न केलं नाय, आईला सांभाळतो. मुलगी संगीता गिरगावात दिलेली. वहिनींना एका सकाळी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुहासने त्यांना हॉस्पिटलात टाकलं आणि धावत माझ्याकडे आला. "काका, चला. मेडिक्लेमची फाईल कपाटात आहे आणि आईची चावी मिळत नाय. कमरेला असायची, गडबडीत कुठे पडली काय माहीत."

आता नियमाने मी विचारायला हवं होतं, कपाट आईचं आहे, आणखी कोणी घरचं आहे का? पण पोराचा चेहरा बघून मी हत्यारं उचलली. कपाटाचं बाहेरचं दार पटकन उघडलं. फाईल आतल्या लॉकरमध्ये होती. लॉकरचं कुलूप जुनं आणि चिवट. मी काजळी धरतोय, घासतोय, सुहास माझ्या मानेवर श्वास टाकतोय. शेवटी टक. लॉकरचं दार उघडलं आणि मी वळलो. त्याच वेळेला त्याचा फोन वाजला, हॉस्पिटलातून. त्या खोलीत रेंज नाय. तो "हॅलो, हॅलो" करत गॅलरीत पळाला.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा. मागे उघडा लॉकर. संकष्टी कधी आहे ते माझगावच्या ख्रिस्ती माणसाला तोंडपाठ झालं. सुहास आत आला, फाईल घेतली, कपाट लावलं. मी चावी त्याच्या हातात दिली, आणि दोघं आपापल्या वाटेने गेलो.

वहिनी वाचल्या. बोलणं आलं नाय, पण घरी आल्या. त्या घरी आल्यावर आठवड्याभरात सुहास परत ठेल्यावर आला. या वेळेला धावत नाय, पाय ओढत.

"काका, ताई आलीय. आईच्या पाटल्या लॉकरमध्ये नायत म्हणते. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, आईने नातीला कबूल केल्या होत्या. ताईला वाटतं मी..." पुढचं त्याने गिळलं. "मी लॉकर उघडला तेव्हा फाईल होती आणि एक रिकामी डबी. बस. आईने कुठे ठेवल्या, कोणाला दिल्या, मला काय माहीत? तिला विचारलं तर ती नुसती रडते."

"मग मी काय करू?"

"तुम्ही होतात ना. तुम्ही एवढंच सांगा, की लॉकरमध्ये पाटल्या नव्हत्या. ताई म्हणते, जेकबकाका बोलले तर मी मानेन."

"अरे, पण मी पाठ फिरवून होतो."

"मला माहीत आहे. पण नव्हत्याच काका. आईची शपथ. तुम्ही खोटं नाय बोलत, खरंच बोलताय. फक्त बघितलं असं म्हणा."

सुहासच्या मागे चाळीचा जिना चढताना मी पायरी पायरीला थांबत होतो. माझा सुहासवर विश्वास होता. लहानपणापासून बघितलेला पोरगा, आईचं लुगडं धुणारा. म्हणजे "नव्हत्या" म्हटलं असतं तर जे खरं असणार तेच बोललो असतो. भावंडांचं भांडण मिटलं असतं. आणि एक गोष्ट आतल्या आत खाजवत होती. लॉकर उघडा असताना खोलीत एकटा कोण होता? मी. "नव्हत्या" म्हटलं तर मी पण सुटलो. एका शब्दात तिघांचं भलं. इतकं सोपं काम मला धंद्यात कधी मिळालं नव्हतं, म्हणूनच भीती वाटत होती.

संगीता खाटेजवळ स्टुलावर बसली होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. संगीता उठली नाय.

"बसा काका. मला चौकीवर जायचं नाय. घरातली गोष्ट आहे. पण जावं लागलं तर जाईन. तुम्ही देवाला मानणारे. सांगा, त्या दिवशी लॉकरमध्ये पाटल्या होत्या की नव्हत्या?"

सुहास माझ्याकडे बघत होता.

चौकी हा शब्द ऐकला आणि मी बसलोच नाय. म्हटलं, "ताई, मी पाहिलं नाय. कपाट उघडलं की मी पाठ फिरवतो. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे होत्या?"

"मी पाहिलं नाय."

"म्हणजे नव्हत्या?"

"ताई, पाहिलंच नाय तर काय सांगू?"

संगीता हसली, पण ते हसणं वेगळं होतं. "बघ सुहास. तुझा साक्षीदार पण तुझ्या बाजूने बोलायला तयार नाय." तिने पर्स उचलली, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या त्या मला अजून ऐकू येतात. सुहासने फक्त दार धरून ठेवलं, मी जावं म्हणून.

घरी येऊन मी पंख्याखाली बसलो. रूथ लसूण सोलत होती.

"काय बोललात तिथे?"

"खरं बोललो. पाहिलं नाय म्हटलं."

"मग खरं बोलून आलेला माणूस असा का बसलाय?"

म्हटलं, उकडतंय.

"फोन आला तेव्हा सुहास बाहेर गेला होता ना? तुम्हीच मला सांगितलं होतं."

"हो."

"हे त्याने बहिणीला सांगितलं?"

मी आठवून बघितलं. "नाय."

"आणि तुम्ही?"

मी पंख्याकडे बघितलं. रूथ म्हणाली, "त्या पोराने एवढंच म्हटलं असतं, की मी बाहेर होतो, आत चावीवाला एकटा होता, तर आज तो सुटला असता आणि तुम्ही चौकीवर असतात. तो गप्प बसला. आणि तुम्ही तिथे जाऊन स्वतःचे हात पुसून आलात."

"मी खोटं नाय बोललो रूथ."

"मी कुठे म्हणते खोटं बोललात?" तिने लसणीची ताटली उचलली. "पांढरे कपडे घालून चिखलातून गेलात, आपल्यावर डाग तेवढा पडू दिला नाय. तो पोरगा चिखलातच आहे."

झोप अशी गेली, की शेजारच्यांच्या पहाटेच्या नळाचं पाणी पण मीच भरून ठेवायला लागलो. त्यांना वाटलं काकांना पुण्याचं वेड लागलंय. दिवसा ठेल्यावर पोलिसांची गाडी दिसली की मी उगाच कुलपं पुसायचो. सुहास समोरून जायचा, रागाने बघायचा नाय. बघायचाच नाय. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर दोन घास जास्त जेवलो असतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला. त्याआधी आमचे पाळक, म्हणजे पाद्री, सगळ्यांना सांगतात, की ज्याचं कोणाशी काही राहिलं असेल त्याने आधी स्वतःला तपासावं. आयुष्यभर मी त्या वेळेला तपासून झाल्यासारखं डोकं हलवलंय. या वेळेला ताट माझ्यापुढे आलं आणि माझा हात मांडीवरून उठला नाय. ताट पुढे सरकलं. सगळ्या बाकाने बघितलं. बाहेर आल्यावर एक बाई रूथला हळूच म्हणाली, "साळवेंना शुगर निघाली का हो?" रूथ म्हणाली, "नाय. दुसरं काय तरी निघालंय."

मग मी सोमवारी ठेला लावलाच नाय. बस पकडून गिरगावात गेलो. वाटेत तीनदा उतरावंसं वाटलं. मनात सगळा हिशेब चालू. हिला जाऊन सांगितलं की खोलीत एकटा मी होतो, आणि ही सरळ चौकीवर गेली, तर? चावीवाला म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? रूथला काय सांगायचं? शेजारी छत्रीवाला काय म्हणेल? तो तर खूश होईल, त्याला जागा मोठी मिळेल. देवाला म्हटलं, एवढं सांगून टाकू दे, मग दातखीळ बसली तरी चालेल. एरवी तोंड बंद व्हावं म्हणून रूथ प्रार्थना करते, त्या दिवशी मी उघडावं म्हणून करत होतो.

संगीताने दार उघडलं. हाताला बेसन होतं. आत बोलावलं नाय.

"काका? तुम्ही इथे?"

मी दारातच सगळं सांगितलं. लॉकर मी उघडला. पाठ फिरवली. सुहासला फोन आला, तो गॅलरीत गेला. लॉकर उघडा होता आणि खोलीत मी एकटा होतो. त्याचं बोलणं संपेपर्यंत एकटाच. "तर ताई, संशय घ्यायचा असेल तर आधी माझ्यावर घ्या. त्याच्यावर नंतर. चौकीवर जायचं तर मी बरोबर येतो. मी घेतल्या नायत. पण हे पण मीच सांगतोय, त्याला दुसरा साक्षीदार नाय."

आत कुकरची शिट्टी झाली, ती तिने होऊ दिली.

"सुहासने हे मला का नाय सांगितलं?"

"ते त्याला विचारा. मला वाटतं माझं नाव मध्ये येऊ नये म्हणून."

"आणि तुम्हाला काय वाटतं? त्याने घेतल्या?"

"पाहिलं नाय."

"पाहिलं ते नाय विचारत. वाटतं काय ते विचारतेय."

"नाय घेतल्या. तो घेणारा नाय. मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो. हे मी शपथेवर नाय सांगू शकत, पण माझं मन विचाराल तर पक्कं आहे."

संगीताच्या डोळ्यात पाणी आलं आणि रागही. "मग हे त्या दिवशी का नाय बोललात काका? 'पाहिलं नाय' एवढंच बोललात. मी काय ऐकलं माहीत आहे? मी ऐकलं, की हा माणूस खोटं बोलायला घाबरतोय, म्हणजे माझ्या भावाने घेतल्याच असणार. महिना झाला मी आईला बघितलेलं नाय."

म्हटलं, "घाबरलो होतो. पण खोटं बोलायला नाय. तुमच्या चौकीला."

तिने हात धुतले, पदराला पुसले, शेजारणीला कुकरकडे बघायला सांगितलं. आम्ही दोघं टॅक्सीने लालबागला आलो. ती एका खिडकीला, मी एका खिडकीला.

सुहासने दार उघडलं. बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी परत पहिल्यापासून बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "काका, मला काय सांगताय? मी तिथेच होतो."

"तिला सांगितलं."

"कशाला? उगाच तुम्हाला त्रास."

संगीता त्याला म्हणाली, "तू बोलला असतास तर?"

"काय बोलू? यांच्यावर ढकलू?" तो आवाज न चढवता म्हणाला. "आई कालपासून जेवत नाय. माझ्या हातून तोंड उघडत नाय. पेज केलीय. तू भरवून बघ."

संगीताने चपला काढल्या. मी जिन्याकडे वळलो. माझं काम झालं होतं, की नव्हतं, मला कळत नव्हतं. पाटल्या तेव्हा मिळाल्या नव्हत्या आणि अजून पण मिळालेल्या नायत. आता मी कुठलंही कपाट उघडलं की पाठ फिरवत नाय. घरच्या दोन माणसांना समोर उभं करतो आणि आत काय आहे ते त्यांच्याकडून मोठ्याने बोलवून घेतो. ज्यांना हे पटत नाय ते समोरच्याकडे जातात. पूर्वीसारखं कौतुक कोणी करत नाय.

त्या दिवशी मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा संगीता उंबऱ्यात थांबली होती.

"काका, खोटं नाय सांगत. माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाय."

"सुहासवर?"

"नाय. तुमच्यावर."

मी म्हटलं, "चालेल."

ती आत गेली, आणि वाटीत चमचा ढवळल्याचा आवाज आला.